कंपासपेटीतला आवाज

गेल्या आठवड्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी पुन्हा आमचा रस्ता धरला. आमचं घर कोल्हापूरच्या कडेला, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. दिवाळी उरकते, अंगणातल्या रांगोळीचे डाग फिके होतात, आणि एके सकाळी खिडकीच्या काचा थरथरायला लागतात. मग गाणं येतं, मग ट्रॅक्टर येतो, आणि त्याच्यामागं डुलत डुलत दोन ट्रॉल्या. गाण्याचे शब्द कधीच कळत नाहीत. नुसता ठोका येतो, तो कानाच्या आधी छातीला कळतो. मागं रस्त्यावर चिरडलेल्या कांड्यांचा गोडसर, आंबूस वास राहतो.

या दिवसांत लोकांना काकवी आठवते, गुऱ्हाळावरचा गरम गूळ आठवतो. मला संशय आठवतो. काही वर्षांमागच्या एका हंगामात आमच्या घरात तो असा मुरला होता की चहाच्या कपाबरोबरसुद्धा तो समोर यायचा. घरात माणसं तीनच. मी, माझा नवरा महेश आणि सासरे, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो. मुलगी शिकायला पुण्याला गेलेली. त्याच हंगामात मी संगणकासाठी आवाजाचं एक यंत्र घरी तयार केलं.

त्याआधी दहा वर्षं मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. पद रद्द झालं आणि मी घरी बसले. मग एका संस्थेचं काम मिळालं. शाहूवाडीच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांनी भाताच्या जुन्या वाणांबद्दल सांगितलेलं कुणीतरी ध्वनिमुद्रित करून आणलं होतं, ते ऐकायचं आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. काम मला आवडायचं. दुपारी एकच्या सुमाराला गॅलरीतून ऊन टेबलापर्यंत यायचं, मी हेडफोन चढवायचे, आणि कानात कोंबडी ओरडायची, भांडं पडायचं आणि कुणीतरी बाई सांगायची, हे वाण पाण्याला भीत न्हाय.

अडचण एकच होती. आमच्या जुन्या संगणकाचा आवाज किडका. हेडफोन लावला की सतत घरघर, माउस हलवला की बारीक किंकाळी. आपल्याकडच्या बोलण्यात 'हाय' आणि 'न्हाय' यांत अंतर ते केवढं! वाण रोगाला बळी पडतं 'हाय' की 'न्हाय', हे त्या घरघरीत कळेना. एकदा मी चुकीचं लिहून पाठवलं. संस्थेतल्या बाईंनी मूळ ऐकून ते पकडलं आणि अगदी सभ्य शब्दांत विचारलं, "तुम्ही नीट ऐकता ना?" ते मला झोंबलं.

बाहेरून जोडायची स्वस्त डबी आणून पाहिली. तीही फसफसायची. तेव्हा ठरवलं, आपणच करायची.

"तयार मिळतात की चांगल्यातल्या," महेश म्हणाला. तो पाण्याचे पंप विकणाऱ्या एका दुकानात कामाला. जे मिळतं ते आणावं, असा त्याचा साधा हिशेब.

"आत काय घातलंय ते मला माहीत असायला हवं," मी म्हणाले.

"तुला सगळ्याचाच संशय."

तो हसत म्हणाला होता. पण आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा त्या दिवशी उच्चारला गेला.

शाहूपुरीच्या एका बोळात सुटे भाग विकणारं छोटं दुकान आहे. दुकानदारानं खणातून चिप काढून तळहातावर ठेवली. काळी, नखाएवढी, दोन्ही बाजूंना मिळून अठ्ठावीस पाय, गोमेसारखी. एवढ्याशा त्या तुकड्यात आवाज आकड्यांत बदलायचं आणि आकड्यांतून परत आवाज काढायचं, दोन्ही कामं होतात. "घरवाल्यांसाठी व्हय?" त्यानं विचारलं. मी स्वतःसाठी म्हटल्यावर त्यानं चिप पुन्हा एकदा निरखून पाहिली, जणू आता तीच खोटी निघेल. मीही ती भिंगाखाली धरून वरची अक्षरं वाचली. कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता, आणि व्यवहार मात्र गोडीत झाला.

मग पंधरा दिवस दुपारी माझं ते एकच काम. सोल्डरिंगच्या कांडीच्या गरम टोकाखाली राळ वितळते तेव्हा येणारा वास देवळातल्या धुपासारखा असतो. पायांत अंतर इतकं थोडं की श्वाससुद्धा रोखून धरावा लागे, आणि नेमका तेव्हाच बाहेरून ट्रॅक्टर जाई, टेबल थरथरे, दोन पाय एकत्र चिकटत. मी ते सोडवत बसायचे. पहिली चिप जळाली, दुसरी बसली. सगळं बसवायला पत्र्याचं खोकं हवं होतं, म्हणजे बाहेरची घरघर आत शिरणार नाही. मुलीची शाळेतली कंपासपेटी सापडली. तिच्या झाकणावरचं फूल अर्धं उडालं होतं. एका बाजूला भोकं पाडून हेडफोनची आणि माइकची खोबण बसवली, दुसऱ्या बाजूनं संगणकाची वायर, आणि वर एक तांबडा दिवा.

वायर संगणकाला लावली, दिवा लागला, पडद्यावर नव्या यंत्राचं नाव उमटलं. मी हेडफोन चढवला. आधी वाटलं काहीच येत नाही, इतकी शांतता होती. मग त्या शांततेत शाहूवाडीची एक म्हातारी घसा खाकरली आणि म्हणाली, "आमच्या सासूनं हे बी लुगड्याच्या पदरात बांधून आणलेलं." शेजारी कुणीतरी सूप पाखडत होतं, तेसुद्धा वेगळं कळलं. मी एकटीच मोठ्यानं हसले.

वर बघितलं तर दारात आप्पा उभे होते.

आप्पांची ओळख करून द्यायला हवी. पेठ वडगावच्या बाजारात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते एकट्यानं चालवलं. घराणं सीमाभागातलं, आईला अव्वा म्हणणारं, सकाळी अंघोळीनंतर कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय पाणी न पिणारं. गुडघे गेले तसं दुकानाला कुलूप लागलं आणि त्या हंगामाच्या वर्षभर आधी ते आमच्याकडं राहायला आले. किल्ली मात्र बंडीच्या आतल्या खिशात. महिन्यातून एकदा बसनं वडगावला जायचे, दुकान उघडायचे, झाडायचे, दिवा लावायचे आणि परत यायचे.

"कुणाचं ऐकायलीस?" त्यांनी विचारलं.

"काम हाय आप्पा. शाहूवाडीच्या बायकांचं बोलणं. ते ऐकून लिवायचं."

"त्यास्नी ठावं हाय व्हय, तू ऐकतीस ते?"

"व्हय की. विचारूनच घेतलंय."

त्यांची नजर तांबड्या दिव्यावर होती. "मग आमचं बोलणं बी कुणाला तरी देत असशील."

मला वाटलं चेष्टा करतात. पण दुसऱ्या दिवशी कंपासपेटीवर पंचा टाकलेला दिसला. तिसऱ्या दिवशी वायरच उपसून ठेवलेली. जेवताना ते बोलेनासे झाले. मी आणि महेश स्वयंपाकघरात भाजीबद्दल बोलत असलो तरी ते दारात येऊन थांबायचे. "काय कुजबुजताय?" आम्ही कुजबुजत नव्हतो. मी तसं सांगितलं की त्यांच्या कपाळावरचे तिन्ही पट्टे एका जागी गोळा व्हायचे. एकदा शेजारच्या काकूंना ते सांगताना मी ऐकलं, "सुनेनं घरात यंत्र बसवलंय. सगळं टेप हुतंय." काकू त्यानंतर आमच्या हॉलमध्ये बसेनाशा झाल्या. दारातूनच विरजण मागायच्या, तेही हळू आवाजात.

एका दुपारी मी ठरवलं की हे संपवायचं. आप्पांना खुर्चीत बसवलं, हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि ती पदरात बी बांधून आणलेली म्हातारी लावली. भाताचं बी म्हणजे त्यांचा विषय. वाटलं, खुलतील.

थोडा वेळ ऐकून त्यांनी हेडफोन काढला. "पुटपुटायलीय बाई. शब्द न्हाय, काय न्हाय. बिघडलंय तुझं यंत्र."

मी ऐकलं. काचेसारखं स्वच्छ होतं. पुन्हा त्यांना दिलं. "आवाज हाय की," ते म्हणाले, "पण ती बोलती काय?"

प्रयोगशाळेतली सवय जागी झाली. मी संगणकावर साधे सूर तयार केले, जाड्या सुरापासून बारीक सुरापर्यंत, एकापुढं एक. "आप्पा, ऐकू आलं की बोट वर करा." जाड्या सुरांना बोट वर झालं. मधल्यांना झालं. मग एका जागी ते बोट मांडीवरच राहिलं. मी आणखी बारीक सूर लावले. हेडफोनची एक बाजू ओढून मी माझ्या कानाशी धरली, तर आवाज टोचण्याइतका तीक्ष्ण होता, आणि आप्पा शांतपणे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"लाव की," ते म्हणाले. "थांबलीस का?"

मला एकदम सगळं समजलं. स, श, ट, क ही अक्षरं बारीक सुरांत असतात. समोर तोंडाकडं बघून आप्पा बोलणं ओळखायचे; एरवी त्यांना आमचा आवाज पोचत होता, त्यातले शब्द गळून पडत होते. वर्षभर त्यांच्यासाठी हे घर नुसतं पुटपुटत होतं. आपल्याच घरात चोवीस तास पुटपुटणाऱ्या माणसांत राहायचं म्हटलं तर कुणाला संशय येणार नाही?

मी त्यांना सांगितलं. ते उठले. "तूच बारीक केलास आवाज," म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी महेशला सांगितलं तर तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "वय झालं. आता यंत्रबिंत्र कशाला, चाललंय तसं चालू दे." मला ते उत्तर लागलं नाही, तेव्हा. थकून आला असेल असं वाटलं.

आता हे लिहिताना गॅलरीत ऊन तसंच आलंय आणि खालून ट्रॅक्टर जातोय. काच थरथरली. त्या वेळीही असाच एक ट्रॅक्टर मुद्रणात आला होता, त्यामुळं तो प्रसंग मला आवाजासकट पाठ आहे.

झालं असं की मला पेटीची माइकची बाजू तपासायची होती. बराच वेळ चालू ठेवल्यावर घरघर वाढते का, हे बघायचं होतं. हॉलमध्ये माइक ठेवला, मुद्रण सुरू केलं, आप्पा आत झोपले होते, त्यांनी पेटीवर टाकलेला पंचाही तसाच राहू दिला आणि मी भाजी आणायला गेले. परत येऊन ऐकायला बसले. आधी पंखा. मग ट्रॅक्टर. मग कुणाच्यातरी कुकरची शिट्टी. मग दाराची कडी आणि महेशचा आवाज. तो जेवायला लवकर आला होता आणि फोनवर बोलत होता.

"आप्पांना सांगायची गरज न्हाय. लाइटचं मीटर नावावर करायचे कागद म्हणून नेतो, त्यातच दुकान विकायचं संमतीपत्र घालतो. त्यास्नी ऐकू येत न्हाय, वाचायला चष्मा सापडत न्हाय. करतील सही. तुम्ही शब्द फिरवू नका म्हणजे झालं."

पलीकडं कोण, हे मला कळायला वेळ लागला नाही. वडगावातल्या शेजारच्या दुकानदाराला मधली भिंत पाडून दोन्ही गाळे एक करायचे होते, हे मी कधीतरी ऐकलं होतं.

मी ते पुन्हा ऐकलं. पुन्हा. 'सांगायची गरज न्हाय.' की 'हाय'? जी पेटी मी नेमका हा फरक कळावा म्हणून केली होती, तिच्यावर मी पहिल्यांदा संशय घेतला. झाकण उघडलं, सोल्डरचा एकेक टाका भिंगाखाली तपासला. दुसरा हेडफोन लावून पाहिला. काही तरी चुकलेलं असावं अशी इच्छा धरून मी माझंच काम तपासत होते. काही चुकलेलं नव्हतं. माझ्या हातून इतकी चांगली वस्तू पूर्वी झाली नव्हती.

त्यानंतर मी गप्प राहिले. हे सोपं वाक्य आहे, पण त्या दिवसांत घरात वावरणं सोपं नव्हतं. महेशच्या पिशवीवर माझी नजर जायची. त्याचा फोन वाजला की मी नळ बंद करायचे. तो आप्पांसाठी केळी घेऊन आला की मला त्या केळ्यांचा राग यायचा. एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वडगावच्या मीटरचं काय झालं?"

त्याचा घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं मीटरचं?"

"आप्पाच म्हणत होते बिल येतंय म्हणून." खोटं इतक्या सहज आलं की माझी मलाच भीती वाटली.

तो वाईट माणूस नाही. दुकान बंद पडलेलं, आप्पा विकू देणार नाहीत, विचारलं तर घरात आकाशपाताळ एक होणार, त्यापेक्षा आडवाटेनं काम उरकावं, इतकंच त्याच्या मनात असणार. मी त्याच्या बाजूनं असे युक्तिवाद रोज करायचे आणि रोज ते आप्पांच्या मांडीवर राहिलेल्या त्या बोटाशी येऊन अडायचे.

कागद आले ते रविवारी सकाळी. आप्पा पूजा आटोपून हॉलमध्ये बसले होते. महेशनं त्यांच्यापुढं फाइल ठेवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं. "मीटरचं हाय आप्पा!" तो मोठ्यानं म्हणाला. "इथं, इथं आन इथं." आप्पांनी मान हलवली आणि पेन घेतलं. अक्षरं न बघता, खुणा केलेल्या जागा बघत होते ते.

"थांबा आप्पा," मी म्हणाले. "सही करायच्या आधी एक ऐका."

मी बारीक सूर जेवढे वाढवता येतील तेवढे वाढवून ते मुद्रण तयार ठेवलं होतं. माझ्या कानाला ते किरकिरं लागायचं, पण त्यात शब्दांना धार आली होती. हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवताना विभूती माझ्या बोटांना लागली. महेश म्हणाला, "आता काय मध्येच?"

आप्पांनी ऐकलं. तोंडावर काहीच दिसलं नाही. "पुन्यांदा लाव," म्हणाले. मी लावलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण बसवलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"दुकान इकायचंय व्हय रं तुला?"

"आप्पा, ते..."

"मोठ्यानं बोल. आता ऐकायलोय मी."

महेशचा चेहरा उतरला. "तुम्ही न्हाय म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं. म्हणून इचारलं न्हाईस. मी काय मेलो हुतो?"

महेश माझ्याकडं वळला. "तू माझं बोलणं टेप केलंस?"

"पेटी तपासायला ठेवली होती. तुम्ही येऊन बोललात." खरं होतं ते. पण मलाच ते बनाव केल्यासारखं वाटलं.

"मी म्हटलंतं की, ह्यात टेप हुतंय म्हणून," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. आपलं खरं निघालं याचं त्यांना वाईट वाटत होतं.

महेश चप्पल घालून बाहेर गेला तो संध्याकाळी परतला. आठ-दहा दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं. मग एकदा भांडी लावताना तो म्हणाला, "मला लाज वाटली, विद्या. तुझ्यापुढं जास्त." मी ताट पुसत राहिले.

आप्पा स्वतःहून म्हणाले, कान दाखवायला चल. राजारामपुरीत एका बाईंचा दवाखाना आहे. त्यांच्या यंत्रावर आलेली रेघ, मी घरी सूर लावून काढली होती तिथंच खाली उतरली होती. कानात बसवायचं यंत्र मिळालं त्या दिवशी आप्पा रिक्षात दचकले, घरी आल्यावर स्वतःच्याच चपलेच्या आवाजाला दचकले. कढीपत्ता तेलात पडल्यावर स्वयंपाकघरात डोकावून बघून गेले. विरजण मागायला आलेल्या काकूंना ते म्हणाले, "आत या की, दारात काय पुटपुटताय!"

आणि मग, कुणालाही न विचारता, त्यांनी दुकान विकायचं ठरवलं. "इकायचं तर माझ्या तोंडानं इकतो." वडगावला मी त्यांच्याबरोबर गेले. हंगाम संपत आला होता, रस्त्याकडेच्या शेतांत ऊस तोडल्यावरचं पाचट जळत होतं. दुकानात बियाण्याचा, धुळीचा आणि गोणपाटाचा वास. शेजारचा दुकानदार समोर बसला. आप्पांनी त्याचं एकही वाक्य खाली पडू दिलं नाही. तो हळू बोलला की हे म्हणायचे, "व्हय व्हय, ऐकलं मी." किल्ली देताना मात्र ती खिशातून लवकर निघेना.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. ते खिडकीबाहेर बघत होते. मग तोंड न वळवता म्हणाले, "इद्या, ते त्या दिवशी मला ऐकवलंस. पण तुला आधीच ठावं हुतं."

"व्हय."

"किती दिस?"

कमी सांगता आलं असतं. "अकरा," मी म्हणाले.

त्यांनी ओठ हलवत कसलीतरी मोजणी केली. त्या दिवसांतली जेवणं आठवत असावेत, मी वाढलेली. "मग अकरा दिस तू बी त्यांच्यातलीच हुतीस की," ते म्हणाले.

मला खूप काही सांगता आलं असतं. महेश माझा नवरा आहे, मला भीती वाटली, मला खात्री करायची होती. "व्हय आप्पा," मी म्हणाले.

बस उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली होती आणि पत्रे खडखडत होते. तो खडखडाट डोक्यात घुसतो म्हणून प्रवासात ते कानातलं यंत्र काढून रुमालात बांधून ठेवतात. जाताना तसंच ठेवलं होतं. येताना त्यांनी ते कोल्हापूर येईपर्यंत कानातच राहू दिलं. माझ्याशी बोलायचं होतं म्हणून, की माझ्यावर नजर ठेवायची म्हणून, हे मी त्यांना विचारलं नाही.